मातीला दिलेला तुकडा

माझ्याकडे पेशंट येत नसत, त्यांचे तुकडे येत. उभा जन्म डॉक्टर म्हणून काढला, पण कुणाची नाडी धरल्याचं फारसं आठवत नाही. नात्यात कुणाला ताप आला की अजून मला फोन येतो, मी गोळीचं नाव सांगताना अडखळते, आणि पलीकडून हमखास प्रश्न येतो, "मग तू नक्की करायचीस तरी काय?" या अंकाच्या संपादकांनी तेच जरा सभ्य शब्दांत विचारलं, म्हणून सांगायला बसले आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. वर्धा जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात काम केलं. सर्जन गाठ काढतो, तिचा तुकडा फॉर्मलीनच्या पाण्यात घालून माझ्याकडे पाठवतो, म्हणजे तो सडत नाही. मग त्यातलं पाणी काढून त्यात मेण भरायचं, मेणाची वडी पाडायची, आणि तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. तो काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलला, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवला, की माझं काम सुरू. सूक्ष्मदर्शकाखाली, आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो, पाहायचं आणि एक-दोन ओळी लिहायच्या. त्या ओळींवर सर्जनची सुरी चालायची किंवा थांबायची, एवढंच माझं डॉक्टरपण. ज्यांच्याबद्दल लिहिलं ते लोक मला कधी दिसले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं.

त्या काळी तालुक्याच्या गावांतले डॉक्टर ऑपरेशन करत, पण तपासणीची सोय एक आमच्याकडे, नाहीतर नागपूरला. तुकडा नातेवाइकांच्याच हाती दिला जाई आणि तो एस.टी.नं प्रवास करत येई. मुरंब्याची बरणी, खोकल्याच्या औषधाची बाटली, केसांच्या तेलाची डबी, काय वाटेल त्यातून येई. रोहण्याच्या एका गृहस्थांना फॉर्मलीनचा वास सहन झाला नाही. त्यांनी ते पाणी वाटेत ओतून दिलं आणि बाटलीत मोहाची दारू भरली. तुकडा उत्तम टिकला होता. उरलेली दारू कुठं गेली ते त्यांच्याकडे पाहूनच कळत होतं. वडनेरच्या एका आजीबाईंनी मुलाच्या पित्ताच्या पिशवीला मीठ-हळद लावून आणली होती, कैरीला लावतात तशी. आम्ही हसायचो, पण त्याही पिशवीचा रिपोर्ट दिला.

जे तुकडे पोचतच नसत त्यांचं मात्र आम्हाला हसू येत नसे. बाहेरगावचा डॉक्टर महिन्यानं विचारी, "तपासायला पाठवलं होतं, काय निघालं?" आमच्याकडे काहीच आलेलं नसे. लोकांनी रस्त्यात फेकून दिलं असणार, असं आम्ही गृहीत धरायचो आणि अडाणीपणाला बोल लावायचो. ते तुकडे कुठं जात, हे मला पंचफुलाबाईंमुळे कळलं. नाव बदललं आहे, बाकी सगळं आठवतं तसं लिहिते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. आमच्याच सर्जरीच्या वॉर्डातून एक छोटा तुकडा आला. सोबतच्या चिठ्ठीवर इतकंच होतं, पन्नाशीची बाई, डाव्या स्तनात कडक गाठ. ऑपरेशन सोमवारी धरलेलं होतं. माझ्याकडून 'स्तनाचा कॅन्सर' एवढा शिक्का हवा होता, कारण हाताला लागणारी गाठ दुसरं काही सांगतच नव्हती.

कॅन्सर होता हे पहिल्या नजरेत दिसलं. पण स्तनात दूध वाहणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात, त्या कडेला स्वच्छ, शाबूत उभ्या होत्या. रोग त्यांच्यातून निघाला असता तर एखादी तरी बिघडताना सापडायला हवी होती. या पेशी त्यांच्या शेजारी कुठूनतरी येऊन बसल्यासारख्या होत्या. त्यांची रचना बारीक बारीक फांद्यांची होती आणि मधून मधून चुन्याचे गोल कण होते, वाळूसारखे. अशा फांद्या आणि असे कण मी बरेच वेळा पाहिले होते, पण ते अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये. रोगाच्या पेशी कुठंही गेल्या तरी ज्या घरून निघाल्या तिथली ठेवण बहुधा सोडत नाहीत, आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. अंडाशयाचा रोग पसरतो तो बहुतेक पोटात. स्तनात येऊन त्यानं गाठ करावी हे फार क्वचित. माझ्या नोकरीत तोवर एकदाही आलं नव्हतं.

मी स्लाइड घेऊन सर्जरीच्या प्रमुखांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. तापट माणूस, पण पेशंटसाठी जीव टाकणारा.

"हे स्तनाचं वाटत नाही, सर. अंडाशयातून आलं असावं."

"असावं?" सरांनी चष्मा काढला. "तू चुकलीस तर काय होईल ते सांग. बरी होऊ शकली असती अशी बाई मी हातची घालवीन."

ते बरोबर बोलत होते. आणि मी बरोबर असले तर? त्या काळचं ते ऑपरेशन म्हणजे अख्खा स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं काढायचं. हात सुजायचा, पुष्कळदा जन्माचा. रोग पोटातून आलेला असेल तर या कापाकापीनं त्याला धक्काही लागणार नव्हता. बाईचे उरलेले महिने जखम भरण्यात गेले असते. दोन्ही बाजूंना एकाच बाईचा जीव होता आणि मी तिला पाहिलंही नव्हतं.

सरांनी तिला तपासणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, बाईच्या पोटावर जुन्या टाक्यांचा व्रण आहे. स्तनाचा पेशंट म्हणून त्यानं तो नुसता पाहून सोडला होता.

"मग सोपं आहे," सर मला म्हणाले. "पोटातून काय काढलं होतं त्याची स्लाइड मिळव. ती याच्यासारखी निघाली तर मी सुरी ठेवतो."

मी वॉर्डात गेले. बायकांच्या वॉर्डात भर दुपारी पंचफुलाबाई खाटेवर मांडी घालून सांबार निवडत बसल्या होत्या. परक्या मुलखातल्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठी घरून जुडी आली होती आणि तिच्या हाताला सुई लावलेली, म्हणून यांनी ती मांडीवर ओढून घेतली होती. सेलूच्या बाजूला त्यांचं भाजीपाल्याचं वावर होतं. नवरा, शेषराव, खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर टेकून बसले होते.

मी मूळची हिंगणघाटची. नोकरीत पुस्तकी बोलायची सवय लागली, पण भाषा तोंडातून गेली नव्हती.

"पोटाचं ऑपरेशन कवा झालंतं, बाई?"

"दोन सालं झाले. येवढा गोळा होता." त्यांनी दोन्ही हातांनी आकार दाखवला. "काढला अन् मी मोकळी झाली. पाऊस पडाच्या आत वावरात गेलती." मग छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "हा बी तसाच काढून टाका. सोमवारी काढता नं?"

मी शेषरावांकडे वळले. "भाऊ, तो गोळा तपासाले दिलता का डॉक्टरनं?"

"दिलता नं. बरनीत घालून माह्याच हाती दिलता. नागपूरले नेजा म्हने."

"मंग नेला?"

"नाई. धुऱ्यावर पुरला."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की मला क्षणभर ऐकू आलं नाही असंच वाटलं. धुरा म्हणजे वावराचा बांध.

"पुरला काऊन?"

"तिचं अंग हाय ते, बाई. बरनीत घालून मोटारीत लोकाईच्या पायाजोळ कसं ठेवाव? वार पुरतो तसा पुरला, निंबाखाली. हयद-कुकू वाह्यलं." माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "चुकलं का आमचं?"

मला राग आला होता, हे खरं. पण तो टिकला नाही. हिंगणघाटच्या आमच्या परसात शेवग्याच्या झाडाखालची एक जागा आई मला दाखवायची, तुझ्या जन्मानंतर पडलेली वार तिथं पुरली आहे म्हणायची. मी लहानपणी त्या जागेवर पाय देत नसे. म्हणजे जिल्हाभरातून आमच्याकडे न पोचलेले ते सगळे तुकडे कुणी फेकले नव्हते. कुठल्या कुठल्या धुऱ्यावर, निंबाबाभळीखाली, हळदकुंकू लावून ते जपून ठेवले गेले होते. आणि आम्ही या लोकांना निष्काळजी म्हणत होतो.

"नाई भाऊ, चुकलं नाई," मी म्हटलं. पण मला स्लाइड हवी होती, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्या मातीतून काही मिळणार नव्हतं.

निघता निघता माझं लक्ष गेलं, पंचफुलाबाईंनी लुगडं पोटावर फार सैल नेसलं होतं. मी विचारलं तसा त्यांनी पदर पोटावर ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "पोट थोडंसं फुगून राह्यलं. वायू असंन. तुमी सांगू नका कोनाले, नाईतं ते सोमवारचं पुढं ढकलतीन."

मी लगेच जाऊन सरांना सांगितलं. सरांनी स्वतः तपासलं. पोटात पाणी झालं होतं. सुई घालून थोडं काढलं आणि माझ्याकडे पाठवलं. त्या पाण्यात तळाशी बसलेला गाळ काचेवर पसरून मी पाहिला. त्याच पेशी, त्याच फांद्या, तेच वाळूचे कण. पोट आणि छाती एकच गोष्ट सांगत होते. सर माझ्या खुर्चीवर बसून दुर्बिणीतून बराच वेळ आळीपाळीनं दोन्ही काचा पाहत राहिले, आणि उठून शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "सोमवारच्या यादीतून नाव काढा."

त्या संध्याकाळी मी खूश होते. कबूल करायला हरकत नाही, जरा फुगलेही होते. एका बाईचा हात आणि छाती माझ्या दोन ओळींमुळे वाचली, असं वाटत होतं.

सोमवारी सकाळी सरांचा निरोप आला, ताबडतोब ये. पंचफुलाबाई ऑपरेशन थिएटरच्या पायरीवर बसून होत्या. न्हाऊन, केस घट्ट बांधून, बांगड्या काढून आल्या होत्या आणि तिथून हलायला तयार नव्हत्या. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या देऊ, असं सर सांगून थकले होते. त्या काळी कॅन्सरचं पेशंटला सांगत नसत, फक्त घरच्यांना सांगत. शेषरावांना सांगून झालं होतं. ते भिंतीकडे तोंड करून दुपट्ट्यानं डोळे पुसत होते.

"मले कापत काऊन नाई?" त्या मला म्हणाल्या. "बाजूच्या खाटेवरल्या बायले कापलं, तिले घरी धाडलं. माह्यातच काय कमी हाय? कापाची गरज नाई म्हंजे मी वाचत नाई, येवढं समजते मले."

माझं सारं फुगलेपण तिथं उतरलं. जे मी वाचवलं म्हणत होते, त्याला ही बाई आपल्याला टाकून देणं समजत होती. आणि तिची समजूत अगदीच चुकीची नव्हती.

सर हळू आवाजात म्हणाले, "निदान तुझं आहे. तूच सांग तिला." आणि आत गेले.

पेशंटशी काय बोलायचं हे मी विसरून गेले होते. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. काही सुचेना म्हणून विचारलं, "वावरात काय काय लावता तुमी?"

"वांगे. सांबार. भेदरं, मिरची." भेदरं म्हणजे टोमॅटो.

"वांग्याच्या वाफ्यात भेदऱ्याचं रोप दिसलं तं काय म्हनता?"

"काय म्हनाचं? आलं असंन पान्यासंगं. वरच्या वाफ्यातलं बी वाह्यते खाली."

"तुमच्या छातीतली गाठ मी दुर्बिनीतून पाह्यली, पंचफुलाबाई. ते रोप छातीचं नाई. पोटातल्या गोळ्याचं हाय."

त्या अंगठ्यानं पायरीवरची धूळ एका रेषेत सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे गोळा काढला तरी त्याचं बी राह्यलंतं."

"हो."

"अन् हे उपटलं तरी वरचं राहीनच."

"हो."

"मंग पानी अजून कुठंकुठं गेलं असंन, बाई?"

मी पुढं कितीतरी वर्षं शिकवलं, मोठ्या परीक्षांना परीक्षक म्हणून बसले. या रोगाबद्दल याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही. "ते मले नाई सांगता येत," मी म्हटलं. आणि पदरानं डोळे टिपले.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. धीर द्यायला मी आले होते, आणि झालं उलटंच.

"मंग नका उपटू," त्या म्हणाल्या. "हात तरी कामाचा राहीन." उठता उठता थांबल्या. "औंदा वांगे लावू का मी?"

त्या काय विचारत होत्या ते मला कळलं. वांगी पावसाळ्यात लावायची आणि थंडीत तोडायची. मी दुर्बिणीखाली पाहिलेलं, पोटातलं पाणी, पुस्तकं, सगळं मिळून काही खात्री देत नव्हतं. आम्ही लोक रिपोर्टात एक शब्द आगाऊ लिहीत नाही. तरी मी म्हटलं, "लावा."

गोळ्या सुरू झाल्या. पोट भरलं की येऊन पाणी काढून जात. प्रत्येक वेळी ते पाणी माझ्याकडे येई, आणि माझ्या टेबलावरच्या बाटल्यांमध्ये ती एकच बाटली अशी होती जिच्यामागची बाई मला माहीत होती. रोग हटला नव्हता. पण वांगी लागली. संक्रांतीच्या आसपास एके दिवशी डोक्यावर टोपलं घेऊन त्या थेट माझ्या खोलीत आल्या. डाव्या हातानं टोपलं खाली उतरवलं आणि हात माझ्यापुढं धरला, पाहा म्हणून. बारीक, काटेरी देठाची वांगी होती. इतक्या जणांची मी निदानं केली, त्याबद्दल मला मिळालेली भेट ती एकच.

दरम्यान मी एक बदल केला होता. बाहेरगावच्या डॉक्टरांना कळवलं की तुकडा देताना नातेवाइकांना सांगत जा, तपासून झालं की राहिलेलं परत मिळेल. सहकारी हसले. पण बरण्या येऊ लागल्या. लोकांचं म्हणणं तेवढंच होतं. आपल्या माणसाचं अंग परक्या ठिकाणी पडून राहू नये, त्याला माती मिळावी.

उन्हाळा लागला तसे शेषराव एकटे आले. दुपट्टा खांद्यावर नीट घडी घालून ठेवला होता. ते बोलायच्या आधीच मला कळलं.

"पाडव्याच्या आंधी गेली," ते म्हणाले. "तिच्या छातीतला तो तुकडा तुमच्यापाशी हाय म्हनत होती. तो पह्यल्या गोळ्यापाशी ठेवजा म्हने."

मी बरणी काढून आणली. तळाशी एवढासा कण होता. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "सगळं हाय का यात?"

खोटं बोलता आलं असतं. "नाई भाऊ. थोडं मेनात घातलं हाय. ते इथंच ठेवा लागते. त्याच्यावर पोरं शिकतात."

"पाहू."

मी स्लाइड दुर्बिणीखाली लावली आणि एक डोळा मिटून कसं पाहायचं ते दाखवलं. त्यांनी टोपी काढून वाकून पाहिलं.

"हे तिचं हाय?"

"हे मधातलं रोगाचं हाय." मी काच सरकवली. "अन् कडेले हे गोल गोल दिसते नं, ते तिचं. चांगलं हाय. दुधाच्या नळ्या आहेत त्या."

ते बराच वेळ वाकून राहिले. दुर्बिणीवरचा डोळा काढला तेव्हा तो ओला होता. "आमचे लेकरं याच्यावरच वाढले," ते म्हणाले. मग बरणी दुपट्ट्यात गुंडाळली, टोपी घातली आणि दारापर्यंत जाऊन परत वळले.

"राहू द्या ते तुमच्यापाशी. पन पोराईले नुसता रोग दाखवू नका, बाई. कडेचं बी दाखवत जा."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी नव्या मुलांना मी ती स्लाइड दिली. कुणाची आहे ते नियमाप्रमाणे सांगत नसे, सेलूकडच्या एका वांगी पिकवणाऱ्या बाईची आहे, एवढंच सांगत असे. मुलं घाईनं काच मध्यावर आणत, रोगावर. मी त्यांचा हात धरून ती आधी कडेला सरकवायची.